कुठेतरी पाणी मुरतंय

नाना, तुमच्या दहाव्याला माइक माझ्या हातात आला आणि मी तो परत दिला.

घोडनदीच्या घाटावर मंडप होता. प्रवचन झालं, कावळा शिवला, मग रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. हयातीत ज्यांनी तुम्हाला कपभर चहा पाजला नाही, ते तुम्हाला 'गावाचं वैभव' म्हणाले. एकाने तर तुमचं नावच चुकवलं, मागून कुणीतरी ओरडून दुरुस्त केलं. शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, "आता त्यांची पुतणी, आपल्या भागातली धडाडीची लेखिका विजया आदरांजली वाहतील." माइक आला. आजवर मी एकही माइक सोडलेला नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी तो तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, "मला नाही जमणार."

लोकांना वाटलं, गळा दाटून आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नानीने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

गळा दाटला नव्हता, नाना. एवढ्या माणसांसमोर तुमचं नाव घ्यायची मला लाज वाटत होती, कारण याआधी एकदा मी ते एवढ्याच माणसांसमोर घेतलं होतं.

*

तुमचे धाकटे भाऊ, माझे अप्पा, मेंढरं सोडून मंचरच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागले. त्यामुळे मी पत्रकांत वाढले. फडताळात पत्रकं अंथरलेली, भाकरी पत्रकात बांधलेली, वह्यांना कव्हरं पत्रकांची. वाचायला शिकले तीही फुकट गेलेल्या छापील प्रतींवर. 'आई'च्या आधी मला 'जाहीर' लिहिता येत होतं, असं अप्पा कौतुकाने सांगायचे. मला त्याचा अभिमान होता. पत्रकाच्या भाषेत प्रश्न नसतात, नुसती प्रश्नचिन्हं असतात, हे कळायला मला फार वर्षं लागली.

दिवाळीच्या सुट्टीत अप्पा मला लोणीला तुमच्याकडे सोडायचे. तुमची मेंढरं तेव्हा नदीकडे चरायला असायची. मी पाचवी-सहावीत असेन. घोडनदीच्या त्या मोठ्या वळणावर, जिथे दरड उभी कापलेली आहे, तुम्ही मला हाताला धरून खाली उतरवलंत.

"इजे, हितं हात लाव."

लावला.

"काय हाय?"

"दगड."

"कशाचा?"

"दगडाचाच की!"

तुम्ही हसलात. "मास्तरनं तेवडंच शिकिवलं व्हय? नीट बग."

मग मला दिसलं. तो एक दगड नव्हताच. गुळगुळीत गोटे होते, करडे, तांबूस, कोंबडीच्या अंड्याएवढे. त्यांच्यामध्ये वाळू गच्च बसली होती. वाळूत अर्धा शिंपला रुतलेला होता, नखाने उचकटून पाहिला तर हलेना. थोडं वर मऊशार गाळाचा थर होता, तोही दगड झालेला, आणि त्यात करंजाच्या पानाचा ठसा होता, शिरांसकट. पान नव्हतं, नुसता ठसा. मी कितीतरी वेळ त्या शिरांवरून बोट फिरवत बसले.

"पुराचं पानी लई जोरात असतं," तुम्ही म्हणालात. "घावंल त्ये घिऊन येतं. हितं वळनावर त्येचा दम सुटतो. मग एकेकाला खाली बसवत जातं. आदी गोटं, मग वाळू, शेवटाला गाळ. यष्टीत न्हाई का, दांडगी आदी जागा धरत्यात, बारकी मागनं फटीत घुसत्यात."

"पण मग दगड कसा झाला?"

"मुरून. नानीचं लोनचं कसं व्हतं? फोडी येगळ्या, मसाला येगळा. दाबून ठिवलं की मुरतं. मग काड बरं एक फोड मसाल्याबिगर! तसंच हाय ह्ये. वर थरावर थर बसतो, त्येचा दाब येतो. वरनं पानी मुरतं, जाताना मातीतला चुना, शिंपल्याचा चुना संगं घिऊन जातं आन् खाली गोट्यांच्या फटीत सोडतं. बसलं चिकटून."

तुम्ही दरडीतून एक पोकळ दगडी नळी काढून माझ्या हातात दिलीत, करंगळीएवढी. झाडाची मुळी होती म्हणालात. तिच्याभोवती चुना धरला, मुळी कुजून गेली, तिचं घर तेवढं राहिलं. मी ती तोंडाला लावून फुंकली. वाजली नाही. नुसती धूळ उडाली आणि तुम्ही मोठ्याने हसलात.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं, नाना?"

"कोन शिकिवनार? मेंढरं एकदा बसली की मला काय धंदा? बगत बसतो."

किती वर्षं लागतात, यावरून मात्र आपलं भांडण झालं. मी म्हणाले, शंभर. तुम्ही म्हणालात, "माज्या आज्यानं बी ह्ये असंच बगितलं, त्येच्या आज्यानं बी. म्हंजे शंभराचं काम न्हाई." मी म्हणाले, आकडा सांगा. तुम्ही म्हणालात, "मेंढरं मोज म्हन, मोजतो. ह्ये मला येत न्हाई." ते भांडण तसंच राहिलं.

पुढे शाळेत आम्ही शिकलो की आपला सगळा मुलूख लाव्हाचा, आगीतून आलेल्या काळ्या दगडाचा. गाळाचे खडक दूर, दुसरीकडे. मी परीक्षेत तसंच लिहिलं. आपल्या भागात गाळापासून झालेला खडक आढळत नाही. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. करंजाच्या पानाची आठवण झाली होती, पण आठवणीला मार्क नसतात.

*

आपलं घराणं फिरस्तीचं. फिरणं सोडून जिथे मुक्काम कायमचा झाला, तिथे एक दगड मांडायचा आणि त्याला भंडारा लावायचा, ही आपली रीत. तुमच्या आज्याने तो दगड नदीच्या त्याच वळणावरून घोड्यावर घालून आणला आणि लोणीच्या शेताच्या कोपऱ्यात मांडला. कित्येक वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. शेळ्या त्याला अंग घासायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कुणाला तरी त्यातला शिंपला दिसला, कुणाला करंजाचं पान दिसलं. एका बाजूला मडक्याच्या खापराचा तुकडाही रुतलेला होता. झालं, दगड स्वयंभू ठरला. नारळ फुटू लागले. गावातल्या दोन पुढाऱ्यांनी देऊळ बांधायचं काढलं. तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतात, "आवो, नदीतला हाय. माज्या आज्यानं आनलाय." लोक म्हणायचे, "नाना, तुमचा मोठेपणा आहे." पुढच्या नारळाला सुरुवात.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाची पत्रकं लिहीत होते. अंधश्रद्धा घरात सापडली याचा मला, खरं सांगते, आनंद झाला. इतरांच्या घरावर दगड मारणारी म्हणून मला हिणवत होते ना? आता मी माझ्याच घरावर मारून दाखवणार होते.

मंचरहून लोणीला यायला एसटीने तास लागत नाही. मी तुम्हाला विचारायला आले नाही. मला गरज वाटली नाही. दगड आगीतून येतो. आगीत शिंपला टिकत नाही, पान टिकत नाही. आणि खापर तर माणसाने भाजलेलं. म्हणजे हा दगड कुणीतरी चुन्याने चिकटवून बनवलेला. शेत कुणाचं? तुमचं. बसवला कुणी? तुमच्या घराण्याने. एवढं सरळ गणित.

मथळा मला एका फटक्यात सुचला: 'कुठेतरी पाणी मुरतंय!'

अप्पांनी स्वतः खिळे जुळवले. सातव्या ओळीशी त्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. फक्त विचारलं, "नाव ठेवायचं का?"

मी म्हणाले, "तत्त्व उंबऱ्याशी थांबत नसतं, अप्पा. ठेवा. ठळक टायपात."

त्यांनी ठळक खिळ्यांच्या पेटीतून तुमचं नाव एकेक अक्षर उचललं. त्यांच्या सख्ख्या भावाचं नाव. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, आणि मी त्याला जुन्या पिढीची भावनिकता म्हणाले.

*

चौकातली सभा तुम्हाला आठवत असणार. तुम्ही तिचा विषय कधी काढला नाहीत, म्हणजे आठवत असणारच. दगड शेतातून बैलगाडीत घालून आणला होता. तुम्ही पुढेच बसला होतात, नवं धोतर नेसून. पुतणी भाषण करणार म्हणून.

मी माइकवरून तुम्हाला उभं केलं. "धोंडीबा, हा दगड असा कसा झाला ते लोकांना सांगा."

मी 'नाना' म्हणाले नाही. 'धोंडीबा' म्हणाले.

तुम्ही टोपी नीट केलीत, आणि मला लहानपणी सांगितलं होतं तेच, तसंच सरळ सांगितलंत. "पानी मुरतंय न्हवं त्येच्यात. म्हनून."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, म्हातारं कबूल झालं राव!" आणि चौक फुटला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होते. माझ्या हातातल्या पत्रकावरचा मथळा तुम्ही स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवल्यासारखं झालं होतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे लोक कशाला हसतायत ते कळेना. तुम्हीही थोडं हसलात, माझ्याकडे पाहून, जणू आपल्या दोघांतलाच काही विनोद आहे.

आणि मी माइकवर म्हणाले, "ऐकलंत ना? स्वतःच सांगतायत. पाणी मुरतंय!"

दुसरं हसू पहिल्यापेक्षा मोठं होतं. तुमचं मात्र थांबलं.

मग मी बाटलीतलं ॲसिड दगडावर ओतलं. संडास साफ करायचं. दगड फसफसला, पांढरे बुडबुडे आले. मी ओरडले, "चुना! गावाला चुना लावला!" टाळ्या. आमच्यातल्याच एकाने पहार घातली. दगडाचे लहानमोठे तुकडे झाले आणि भुगा पडला.

पोरं पांगली, टाळ्या थांबल्या, तेव्हा मी वाकून त्यातला एक तुकडा पाहिला. आत, अगदी मधोमध, जिथे कुणाचा हात पोचणं शक्य नाही, तिथे आणखी एक शिंपला होता. मिटलेला, दोन्ही पाती जागच्या जागी. त्याच्या पोटात बारीक वाळू भरून दगड झाली होती. मी तो तुकडा पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढली.

देवळाचं काय झालं? पुढाऱ्यांनी माझ्या सभेत सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि सहा महिन्यांत फर्लांगभर पलीकडे संगमरवरी मूर्ती बसवली. संगमरवरही चुन्याचाच, त्यावर ॲसिड टाकलं तर तोही फसफसतो. ते टाकायला मी गेले नाही. मूर्तीमागे पुढारी होते. तुमच्यामागे मेंढरं होती.

*

लोक तुम्हाला 'चुनेवाले' म्हणायला लागले. पोरं मेंढरांमागे ओरडत जायची, "चुनेवाले, कुनाला लावला?" हे मला तेव्हा कळलं नाही, कारण तुम्ही सांगितलं नाहीत. दरवर्षी अवसरी बुद्रुकचे शेतकरी रानात मेंढरं बसवायला तुम्हाला बोलवायचे. रात्रभर मेंढरं बसली की रान खतावतं, बदल्यात धान्य. त्या वर्षी कुणाचा निरोप आला नाही. ज्याच्या हाती दगड खोटा, त्याच्या लेंड्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार, असं एकजण म्हणाला म्हणे, आणि तोही विनोद गावभर चालला. तुम्ही कळप घेऊन जुन्नरकडे गेलात, वारूळवाडीच्या रानात, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं.

तिथे मी तुम्हाला भेटायला आले. माफी मागायला, असं स्वतःला सांगून आले होते. नानीने चूल मांडली होती, तुम्ही घोंगडी अंथरलीत, तांब्यात दूध दिलंत. नारायणगावला टोमॅटो किती आले, कुठल्या मेंढीला जुळं झालं, सगळं बोललो. मग तुम्ही मुंडाशातून एक घडी काढलीत. माझं पत्रक. घडीवर फाटलेलं.

"इजे, ह्ये तू लिवलंस म्हनं. मला वाचाया येत न्हाई. वाचून दाव की."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कौतुक होतं का? मला आजही सांगता येणार नाही.

मी वाचलं. मथळा वाचला. पहिल्या सहा ओळी वाचल्या. सातवी गाळली, आठवीवर गेले. आवाज जराही अडखळू दिला नाही. लहानपणापासूनचा सराव होता.

"झालं?"

"झालं."

"माजं नाव कुटं आलं न्हाई यात?"

"नाही नाना."

"बरं केलंस," तुम्ही म्हणालात, घडी घातलीत आणि पत्रक मुंडाशात ठेवलंत. मग म्हणालात, "आजून दूद घे."

मी घेतलं, नाना. ते दूध मी प्यायले.

*

त्यानंतर दोनेक वर्षांनी पुण्यातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना मी तो तुकडा दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिला, उलटा केला, जिभेच्या टोकाने चाटलासुद्धा. "सुरेख आहे," म्हणाल्या. "गाळाचा खडक. नदीकाठचा ना? पुराने आणलेले तुकडे, शिंपले, पाला, सगळं थराथराने बसलेलं. वरून पाणी झिरपलं, चुना आणला, फटींत सोडला. तोच याचा गिलावा."

मी म्हणाले, "पण आमच्याकडे तर सगळा लाव्हाचा दगड आहे."

त्या हसल्या. "तुमच्या तालुक्यात नद्या नाहीत का?"

किती वर्षं लागतात, तेही मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकच उत्तर नाही. काही थर शेकड्यांत घट्ट होतात, काहींना हजारो लागतात. म्हणजे आपल्या भांडणात तुम्ही जिंकला होतात. हे सांगायला मी आले नाही.

"हा कुणी दाखवला तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "असाच सापडला."

त्यानंतर मी चारदोन ठिकाणी ही गोष्ट सांगितली आहे. प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून! 'मॅडमनी सांगितलं तेव्हा मला माझी चूक कळली. चूक कबूल करणं हाच खरा विवेक,' अशा थाटात. त्यावरही टाळ्या मिळाल्या.

खोटं आहे ते. आज लिहिते. मला कॉलेजातल्या मॅडमनी काही नवं सांगितलं नाही. चौकात तुम्ही "पानी मुरतंय न्हवं त्येच्यात" म्हणालात, त्याच क्षणी मला वळणावरची दरड दिसली होती. लोणच्याची बरणी, एसटीतली दांडगी माणसं, करंजाचं पान, सगळं. त्या चौकात एवढ्या माणसांत फक्त मला कळलं होतं की तुम्ही कबुली देत नाही, उत्तर देताय. हसू उठलं आणि माझ्याकडे निवडायला एक श्वासभर वेळ होता. मी हसण्याच्या बाजूने गेले. अज्ञान असतं तर मी इतकी वर्षं तोंड लपवलं नसतं, नाना. अज्ञानाची कसली लाज?

दुरुस्तीचं पत्रक मी तीनदा लिहायला घेतलं. तिन्ही वेळा स्वतःला बजावलं की विरोधक याचा फायदा घेतील, चळवळीचं नुकसान होईल. माझी भीती मी चळवळीच्या नावावर खपवली. मी ज्यांच्याविरुद्ध लिहिते तेही आपली भीती देवाच्या नावावर खपवतात. फरक कुठे आहे, मला दाखवा कुणी.

*

गेल्या हिवाळ्यात तुम्ही शेवटचे भेटलात. मेंढरं आता वीसेकच उरली होती. बांधावर बसून तुम्ही मला चिडवलंत.

"तुमचं मंडळ म्हनं राख नदीत टाकू देत न्हाई?"

"शेतात टाकायची आणि तिथे झाड लावायचं, नाना. नदी घाण कशाला करायची?"

"झाड दुसऱ्या कुनाला लाव. मला आपलं वळनावर टाका. मूठभर राखंनं काय व्हतंय? हाडं म्हंजे बी चुनाच. मुरंल. हजार वर्सांनी तुज्यावानी एखादी चवळीची शेंग यील, बाटली घिऊन. ॲसिड टाकंल, मी फसफसंन. म्हनंल, अगं बया, म्हातारं खरं व्हतं की!"

आपण दोघं पोट धरून हसलो. हसताना माझ्या तोंडात कबुलीचं वाक्य आलं होतं, अगदी ओठांवर. तेवढ्यात एक मेंढी दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरली आणि तुम्ही "हुर्र" करत उठलात. परत आलात तेव्हा दम लागला होता. मी म्हटलं, आता नको, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी मी आले तेव्हा तुमच्या पायाच्या अंगठ्यांना दोरी बांधलेली होती.

राख तुमच्या मुलाने, बाळूने, वळणावर सोडली. मंडळाचे दोघं बाजूला उभे होते, ते माझ्याकडे बघत होते, तत्त्वाचं काय म्हणून. मी पाण्याकडे बघत होते. वळणावर पाण्याचा दम सुटतो हे तुम्ही सांगितलं होतंत. खरंच, पांढरे तुकडे फार लांब गेले नाहीत. काठाजवळ, गोट्यांमध्ये खाली बसले.

*

दहाव्याचा मंडप उठला तेव्हा नानीने मला घरी नेलं. पाट दिला. स्वयंपाकघरात लोणच्याची मोठी बरणी होती आणि झाकणावर वजनाला एक दगड. मी ओळखला. त्याच दगडाचा दुसरा तुकडा. करंजाचं पान त्याच्यावर राहिलं होतं.

"झाकनावरच ठिवती बाय," नानी म्हणाली. "वळनावरचा कुटला बी दगड आत ठिवला तर कैरीच्या आंबटानं फसफसतोय. तुज्या बाटलीच्या आदीपासनं ठावं हाय आमाला."

मग तिनेच विचारलं, "माइक का टाकलास?"

"त्यांचं नाव घ्यायची लाज वाटली, नानी. वारूळवाडीला मी..."

"ठावं हाय." तिने भाकरी ताटात टाकली. "तू यायच्या आदी त्येंनी त्ये पत्रक दोनदा वाचून घेतलं व्हतं. पानटपरीवाल्याकडनं एकदा, मास्तरकडनं एकदा. नाव हाय त्ये ठावं व्हतं त्येंला."

"मग मला कशाला वाचायला लावलं?"

"त्येच मी इचारलं. म्हनले, पोरगी नाव घेती का गिळती, बगायचं व्हतं. घेतलं असतं तर म्हनलं असतं, चला, तिला खरंच वाटतंय आपन चोर हाय. गिळलं. म्हंजे तिला ठावं हाय." नानीने पदराने हात पुसले. "मला म्हनले, ऱ्हाऊ दे, तिला बोलू नगंस. आत गेलंय न्हवं, मुरंल."

एवढी वर्षं तुम्ही वाट बघत बसला होतात, नाना. वळणावर बसून बघायचात तसे. मला वाटत होतं की मी तुम्हाला फसवलं आणि तुम्ही भोळे. तुम्ही मला माफ केलं होतं का, हे मी नानीला विचारलं नाही. तुम्ही फक्त 'मुरंल' म्हणालात. मुरलेलं बाहेर काढायचं काम तुम्ही माझ्यावर सोडलंत, आणि मी ते तुम्ही जाईपर्यंत केलं नाही. तुमच्याकडे काळाचा हिशेब नव्हता, थरांचा होता. पण माणसाला हजार वर्षं नसतात. हे तुम्हाला कळत होतं. मलाही कळत होतं.

अप्पांचा छापखाना आता कॉम्प्युटरवर गेला. खिळे भंगारात गेले. तरी हे सगळं मी त्यांच्याकडेच छापायला दिलं आहे, त्या पत्रकाच्याच आकाराच्या कागदावर. लोणीच्या चौकात, अवसरीच्या बाजारात, वारूळवाडीच्या स्टँडवर मी ते स्वतःच्या हाताने वाटणार आहे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला थांबून वाचून दाखवणार आहे. काल अप्पांनी चष्मा पुसत स्क्रीनकडे पाहिलं आणि तेच विचारलं, "नाव ठेवायचं का?"

मी म्हणाले, ठेवा. माझंही ठेवा. दोन्ही ठळक.

वारूळवाडीला तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात, आणि मी तुमचं दूध पिता पिता त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. माजं नाव कुटं आलं न्हाई यात?

आलं होतं, नाना. सातव्या ओळीत.